चारमिनारच्या रुपयाची पाठ

आमच्या ह्यांनी, म्हणजे भगवानरावांनी, हुलसुरात चाळीस वर्षं तुरीचा व्यापार केला, पण वरवर बघून एक पोतं घेतलं नाही. परखी नावाची टोकदार लोखंडी नळी पोत्याच्या थेट तळाला खुपसायची, तिथली तूर हातावर घ्यायची, मगच भावाचं बोलायचं. असा माणूस मोबाईलवर फसला, आणि तोही एका रुपयापायी.

ह्यांना निजामाच्या हाली सिक्क्याचा, म्हणजे त्याच्या राज्यातल्या नाण्यांचा नाद. सागवानी पेटीत दर सालाला एक खण आणि खणात त्या सालचा चारमिनारचा रुपया. सगळे खण भरलेले, एक सोडून. तेवढा भरला की डोळे मिटायला मोकळा, म्हणायचे. त्या रिकाम्या खणावरून अंगठा फिरवत बसले की मलाच वाईट वाटायचं.

एका दुपारी ऑनलाइन लिलावात नेमकं तेच साल निघालं. खाली दीड ओळ: 'हैदराबादी रुपया, चांदी, दुर्मीळ साल, छान. आहे तसा, परत घेणार नाही.' फोटो एकच, चारमिनारच्या बाजूचा.

"पाठ कामून दाखवली न्हाई?" मी विचारलं.

"चारमिनार दिसायलाय, साल दिसायलंय. पाठ घेऊन काय करायलीस?"

"तुम्हीच म्हणता न्हवं, तळ बघावा?"

"तूर निराळी, नाणं निराळं. गप बस जरा."

पलीकडून कुणीतरी बोली चढवत होता, तसे ह्यांचे कान लाल होत होते. शेवटी क्विंटलभर तुरीच्या भावात रुपया ह्यांचा झाला. लगेच गुलबर्ग्याला रामाचार्यांना फोन. आचार्य निवृत्त मास्तर, नाण्यांतले जाणकार. "खण भरला, रविवारी बघायला या!" उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय.

पार्सल शनिवारी आलं. चारमिनार लखलखीत. पालथा केला तर पाठीवर हरभऱ्याएवढा खरबरीत चट्टा, तिथली अक्षरं पार गेलेली. कुणीतरी कडी जोडून हा रुपया माळेत घातला होता, आणि नंतर कडी काढून ती जागा घासली होती. शौकिनांच्या लेखी अशा नाण्याला चांदीपलीकडे किंमत नाही. हे जेवले नाहीत. माझ्या जिभेवर बरंच काही आलं होतं, पण ते तोंड बघून मी गिळलं.

सकाळी म्हणाले, "चारमिनार वर करून ठेवू. आचार्य काही उचलून बघायचे न्हाईत."

मला ते अजिबात आवडलं नाही. पण पाहुणा दारात होता.

आचार्यांनी चुरमुऱ्यांचा सुशीला खाल्ला, हात पुसले आणि भिंग घेऊन पेटीवर वाकले. "वा भगवानराव! असा चारमिनार मी बघितला न्हाई. पेटी पुरी झाली बघा तुमची."

ह्यांचा चेहरा फुलला आणि लगेच उतरला. वर चांगली तूर पसरून पोतं विकणाऱ्यांना ह्यांनी जन्मभर शिव्या घातल्या होत्या. ह्यांनीच खणात बोट घातलं आणि रुपया पालथा केला.

"थांबा आचार्य. पोत्याचा तळ बघा. फसलोय मी."

आचार्यांनी भिंग खाली ठेवलं. मग पोट धरून हसायला लागले. "अहो, असले तीन हाईत माझ्याकडं! अकरा वर्षं चारमिनार वर करून ठेवलेत. तुमच्यासमोर चारदा पेटी उघडली की मी!"

दोघं म्हातारे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मी रुपया हातात घेतला. माझ्या आईच्या गळ्यात अशीच सात रुपयांची माळ होती. तिची आठवण आली.

"बाकीचे सगळे पेटीत निजून राहिले," मी म्हणाले. "ह्यानं कुणाचं तरी लगीन बघितलंय."

आता तो रुपया खणात पाठ वर करूनच असतो. खाली ह्यांच्या अक्षरातली चिठ्ठी: 'पाठीवर कडीचा चट्टा. न बघता घेतला.' येणाऱ्याला आधी तोच दाखवतात, आणि दाखवताना छाती अशी काढतात की लिलावात बक्षीसच मिळालंय.

परवा आचार्यांचा फोन आला. "राजूबाई, सांगा त्यांना, माझीबी तिन्ही नाणी पालथी केली."

मी सांगितलं. हे पेटी पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "विचार त्यांना, चौथं कुठं लपवलंय?"

मी विचारलं, तर आचार्यांनी घाईनं फोनच ठेवून दिला.