ओल्या गाडीच्या दोन फेऱ्या

त्र्यंबकराव वकिलांची मोटार दर रविवारी सकाळी धुतली जायची. ती धुणाऱ्या आकारामाची नोकरी टांगणीला लागली, ती धुण्यापायी नव्हे, वाळवण्यापायी.

आकाराम मूळचा नेसरीचा. बारा वर्षं एका सरदारांच्या पागेत घोड्यांची चाकरी केलेला. घोड्याला अंघोळ घालावी, अंग टिपावं, मग लगाम धरून चार फेऱ्या चालवून आणावं. ओलं जनावर जागेवर बांधलं की त्याला गार लागतं, हे त्याच्या हाडात मुरलेलं. पुढं सरदारांना मोटारींचा नाद लागला, तेव्हा हा गडी पागेतनं मोटारखान्यात गेला आणि बघून बघून मोटार चालवायला शिकला. मग संस्थान विलीन झालं. पागा मोडली. घोडी विकली, मोटारी विकल्या. माणसं कोण विकत घेणार, म्हणून ती नुसती सोडून दिली. त्या मोटारींतली एक काळी त्र्यंबकरावांनी घेतली, आणि ती पुसायला कुणीतरी लागतं म्हणून मागाहून आकारामालाही ठेवून घेतलं. चालवायचे मात्र वकील स्वतः. मोटार चारचौघांना दाखवायची असते, आणि मागच्या बाकावर बसून ती नीट दाखवता येत नाही.

गाडी वाळवावी तर आकारामानं. तो ती कडुलिंबाच्या सावलीत घ्यायचा. विहिरीचं पाणी उन्हात वाळलं की काळ्या रंगावर पांढरे चट्टे उठतात. पागेतनं आणलेला हरणाच्या कातड्याचा मऊ तुकडा त्याच्यापाशी होता. तो भिजवून पिळायचा, टपावर पसरायचा आणि आपल्याकडं ओढायचा. घासायचं नाव नाही. आधी टप, मग काचा, मग बॉनेट, मग दारं उघडून फटींतलं पाणी, आणि सगळ्यात शेवटी चाकं. एवढं झालं की स्वतः आत बसायचा आणि गल्लीतनं दोन फेऱ्या मारून आणायचा. सावकाश, ब्रेकवर पाय दाबत दाबत.

एका रविवारी वकिलांनी ते पाहिलं.

"पुसून झाली ना? मग बाहेर कशाला नेतोस?"

"फिरवाय लागतीया, वकीलसायेब. न्हायतर गार लागतंय."

"कुणाला?"

"गाडीला."

वकील हसलेसुद्धा नाहीत. "पेट्रोल काय रंकाळ्यातनं भरून आणतोस? पुन्हा ही गाडी माझ्याशिवाय फाटकाबाहेर दिसली, तर तूही फाटकाबाहेर. कळलं?"

"व्हय."

आकारामाला खरं कारण पक्कं ठाऊक होतं. मोटारखान्यात एकदा धुतलेली गाडी त्यानं तशीच बाहेर काढली, तेव्हा ब्रेक धरला नव्हता आणि गाडी भिंतीला जाऊन टेकली होती. चाकाच्या आत पाणी राहतं, ब्रेक दाबत फिरवलं की ते जातं, हे त्यानं आपलं आपण ताडलं होतं. पण बोलताना तोंडात शब्द आला पागेतला. शिकलेल्या माणसाची ही जुनी खोड. शब्द गावठी निघाला की त्यातली अक्कलही गावठी धरायची. 'म्हणजे काय रे?' एवढं विचारायला वकिलांचा काही घसा बसला नव्हता.

कालिंदीबाईंनी, वकिलांच्या बायकोनं, हे सगळं स्वयंपाकघराच्या खिडकीतनं ऐकलं. चहाचा कप खिडकीतनं पुढं करत त्या म्हणाल्या, "तुझ्या निदान दोन फेऱ्या तरी होत होत्या, आकाराम. माझी फेरी लग्नकार्यालाच."

दोन रविवार फेरी झाली नाही, पण काही बिघडलंही नाही. वकील दुपारी बाहेर पडायचे, तोवर चाकं आपसूक वाळायची. तिसऱ्या रविवारी कालिंदीबाईंचे भाऊ पुण्याहून आले. त्यांना सगळे दादा म्हणत. पुण्याच्या कॉलेजात ते विज्ञान शिकवायचे. त्यांना पन्हाळा दाखवायचा होता आणि तोही लगेच. कालिंदीबाईंना चला म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

आकारामाच्या हातात अजून कातडं होतं. चाकांतनं पाणी ठिबकत होतं. तो फाटकात आडवा आला.

"सायेब, आज फेरी मारल्याबिगर काढू नगासा. म्होरं उतार हाय."

"बघा दादा," वकील म्हणाले, "आमच्या मोटारीला थंडी वाजते."

"मग काढा पाजा की तिला," दादा म्हणाले. दोघं पोटभर हसले आणि गाडी निघाली.

घरापुढचा रस्ता पंचगंगेच्या घाटाकडं उतरत जातो. आकाराम कातडं हातात घेऊन तसाच मागनं धावला. त्याच्या मागनं पदर खोचून कालिंदीबाई. उताराच्या तळाशी उचगावच्या ज्ञानूनं बैल सोडून गाडी उभी केली होती. गाडीत उसाच्या शेंड्यांचा चारा, हिरवंगार वाडं रचलेलं, मागं हातभर बाहेर लोंबलेलं. ज्ञानू रस्त्याकडेला भाकरी खात बसला होता. वकिलांनी ब्रेक दाबला. मग दोन्ही पायांनी दाबला. मोटार बेतानंच, पण न थांबता गेली आणि तोंड वाड्यात खुपसून उभी राहिली.

ज्ञानूनं तोंडातला घास आधी नीट गिळला.

"पावणं, मोटार आता वाडं बी खाया लागली व्हय?"

"ब्रेक लागला नाही," वकील आतनं म्हणाले.

"मग आवरा तिला. बैलांचं जेवान हाय ते."

भोवती माणसं जमली. आकाराम धापा टाकत पोचला, आणि वकिलांना राग काढायला माणूस मिळाला. "तूच काहीतरी ढिलं करून ठेवलंस. आजपासून तू—"

"मला मागनं काढा," आकाराम म्हणाला. "आदी गाडी काढू. उतरा."

उभ्या चाकरीत त्यानं कुठल्या मालकाला असं सुनावलं नव्हतं. वकील उतरले. दादांच्या केसांत उसाची पाती अडकली होती.

"म्या कायबी ढिलं क्येल्यालं न्हाय. दोन फेऱ्या मारतो आन ह्याच उतारानं येतो. तुमी ह्या वाड्याम्होरं उभं ऱ्हावा. न्हाय थांबली, तर मी खोटा. नेसरीला जातो."

वकील घुटमळले. दादा हळूच चार पावलं बाजूला झाले.

"उभे राहा की," कालिंदीबाई म्हणाल्या. "त्याला खोटं ठरवायचंय ना? साक्षीदार आहेत इथं भरपूर."

आकारामानं गाडी मागं घेतली, वर नेली, दोन फेऱ्या मारल्या. ब्रेक दाब, सोड, दाब, सोड. मग गाडी उताराला लागली. वकिलांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा बंपर त्यांच्या गुडघ्यापासून वीतभर दूर होता, आणि आकाराम खिडकीतनं डोकं काढून म्हणत होता, "आता गार न्हाय तिला."

दादा पुढं आले. "साधं आहे. आत पाण्याचा थर, त्यामुळं घर्षण कमी—"

"आन ह्ये तुम्हास्नी वाड्यात घुसल्यावर सुचलं?" ज्ञानूनं विचारलं. सगळा रस्ता हसला. वकीलही हसले, कारण न हसून करतात काय?

माफी काही त्यांनी मागितली नाही. उलट कोर्टात चार वकिलांना त्यांनी ओल्या ब्रेकचा शोध स्वतःच्या नावावर सांगितला. आकारामाला त्याचं काही नव्हतं. पुढच्या रविवारी गाडी पुसून झाली, तेव्हा वर्तमानपत्राच्या आडनं आवाज आला, "फिरवून आण तिला."

फाटकात कालिंदीबाई उभ्या होत्या. नवं लुगडं, पायांत चपला. दार उघडून त्या मागं बसल्या.

दोन फेऱ्या झाल्या. तिसरी झाली. चौथीला गाडी रंकाळ्याच्या काठानं चालली होती.

"वैनीसायेब," आकाराम म्हणाला, "वाळली की आता."

"छे रे," त्या काच खाली करत म्हणाल्या. "मागच्या चाकाला अजून गार लागतंय."