सातवं कलम

"एकोणीस." नारायणाने पुन्हा एकदा हात मोजले. हजर सभासद एकोणतीस. वाचनालयाची घटना दुरुस्त करायला दोन-तृतीयांश, म्हणजे वीस मतं हवी होती.

अध्यक्षांच्या खुर्चीत काकासाहेब सैलावले. मिरजगावचं हे वाचनालय त्यांच्याच घराच्या पुढच्या खोलीत होतं. वीस वर्षांपूर्वी घटनाही त्यांनीच केली होती. महारवाड्यातल्या कुणाला सभासद करू नये, असं तिचं चौथं कलम होतं.

ते बदलण्याचा मसुदा सहादेवाने लिहिला होता. पलटणीत वाचायला शिकून आलेला हा माणूस, तीनदा अर्ज नाकारला गेल्यावर आता दाराबाहेर उभा होता. वाचनाची खोली सर्वांना खुली; देवघर, माजघर मालकाच्या हक्कात कायम, एवढंच त्याचं मागणं.

"घर माजं," काकासाहेब म्हणाले. "दिल्लीत देशाची घटना लिवताना समदे हक्क हक्क करत्यात, मग माजा हक्क कुटं गेला?"

"घर तुमचंच हाय," सहादेव बाहेरून म्हणाला. "पर पाटीवर 'सार्वजनिक' तुमीच लिवून घेतलंय."

नारायण अठरा वर्षं इथला कारकून. झाडलोटीपासून इतिवृत्तापर्यंत सगळं त्याच्याच गळ्यात. रोज खिडकीशी उभं राहून तो बाहेर ओट्यावर बसणाऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी आणि आपण फार मोठं काम करतो, असं स्वतःवर खूश असे. मागच्या आठवड्यात सहादेवाने सहज विचारलं होतं, "मास्तर, कुटल्या बातम्या गाळता तुमी?" काकासाहेबांना न रुचणाऱ्या बातम्या तो खरंच गाळायचा. तेव्हापासून त्याला धड जेवण गेलं नव्हतं.

नोकरीच्या आधीपासून तो सभासद होता. पण पगारी नोकराला मत नाही, असं सातवं कलम सांगे.

"काकासाहेब, मला नोकरीतून मोकळं करा."

"कटाळला व्हय आमाला?" काकासाहेब चिडले. "जा. मंजूर."

"इतिवृत्तात लिहू?"

"लिवा."

नारायणाने लिहिलं, टाक खाली ठेवला आणि उजवा हात वर केला. "आता मी नुसता सभासद. माझं मत दुरुस्तीला."

हजर तीस झाले, तरी लागत होती वीसच. काकासाहेबांनी घटना मागवून सातवं कलम बोट फिरवत वाचलं.

"म्याच केल्याली घटना हाय ही," शेवटी ते म्हणाले. "दुरुस्ती मंजूर." त्या घटकेला नारायणाला त्यांचे पाय धरावेसे वाटले. किल्ल्या मात्र त्यांनी मागून घेतल्या.

घरी बायकोने, दमयंतीने, सगळं ऐकून घेतलं. "मग उद्या उठवू का नेहमीच्या वेळी?"

"उठव. शिकवण्या शोधायच्यात."

पण सकाळी पाय वाचनालयाकडेच वळले. कुलूप काकासाहेबांनी उघडलं होतं. सहादेव आत बाकावर बसला होता, अंग चोरून.

"मास्तर, लई उपकार झाले. माज्यापायी तुमची भाकरी गेली."

"उपकार तुमचे, सहादेव. अठरा वर्षांत माझं मत कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही."

काय करावं हे न सुचून नारायण उभाच राहिला. सहादेव बाकावर जरा सरकला. त्याने वर्तमानपत्राची घडी सोडली, मधलं पान वेगळं करून पुढे केलं. नारायणाने ते दोन्ही हातांनी घेतलं आणि त्याच्याशेजारी बसून वाचायला लागला.