लॅपटापात गेलेली म्हस

"वैनी, सांगितलं तर तुमाला खरं वाटायचं न्हाई. जगात कुनालाच वाटायचं न्हाई," असं म्हणत सोनबा गडाच्या पायथ्याला, पाली गावातल्या गेनूच्या हाटेलात बाकड्यावर टेकला.

काहीतरी रचून सांगण्यावाचून त्याला दुसरा इलाजच नव्हता. साळूबाई सकाळी नसरापूरला गेली ती आपली व्यायला टेकलेली म्हस त्याच्या हवाली करून. सोनबा आंब्याच्या सावलीला जरा आडवा झाला, उठून बघतो तर हातात नुसतं दावं. मग त्यानं सारं रान पालथं घातलं. त्यात बिबट्याचा भाग. म्हस गेली तर साळूबाईचं दूधदुभतं गेलं, आणि गावात पुन्हा कुणी त्याच्या हाती शेळीसुद्धा देणार नव्हतं. आता समोर साळूबाईच बशीत चहा ओतत बसली होती.

"म्हस कुठंय, भावजी?"

"तेच सांगतोय. म्हस झाडाखाली बांधून बसलो हुतो, तवा गडाच्या वाटंला पुन्याची एक पोरगी भेटली, शुभ्रा म्हनून. मेंदूवर शिकती. तिच्यापाशी टोपी, टोपीला ह्या वायरी. म्हनली, बाबा, तुमी मनात जे बघाल ते माज्या लॅपटापवर दिसंल. फकस्त डोक्याला जेल लावावं लागंल."

"जेल?" गेनूनं किटली खाली ठेवली.

"म्या बी तेच म्हनलो, गुन्हा तरी सांगा! तर ते गार, चिकट कायतरी निघालं. चोपडलं, टोपी चढवली. म्हनली, डोळं मिटा आन म्हस आना मनात. आनली. तर पडद्यावर कोन यावं?"

"कोन?"

"तुमी. हातात काठी, तोंड सुरू." सोनबाच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. "पोरगी म्हनती, बाबा, ह्यातली म्हस कुठली?"

गेनू फडक्यात तोंड खुपसून खोकला. साळूबाईनं बशी फुंकली.

"मंग?"

"मंग तुमाला मनातल्या मनात जरा बाजूला सारलं. मागं म्हस दिसाय लागली. आदी धुरकट, मंग शिंगं, मंग कपाळावरचा चांद. पोरगी म्हनली, अजून जोर लावा. लावला. लई लावला. तिकडं लॅपटापात म्हस भरत गेली आन हिकडं झाडाखालची पुसत गेली. आदी शेपूट, मंग मागचं पाय. शेवटाला घंटा तेवडी वाजली, आन ती बी गेली."

"आन ती पोरगी?"

"गेली पुन्याला. पर सबूद दिलाय. व्याली की फोटू धाडते म्हनली."

साळूबाईनं चहा संपवला, बशी उपडी घातली आणि पिशवी काखेत मारली.

"भावजी, म्हस माज्या गोठ्यात हाय. दुपारच्या जीपनं आले तवा वढ्यात डुंबताना दिसली, तशीच हाकत घरी नेली. तुमी आंब्याखाली तोंड वासून घोरत हुता. धडधडीत खोटं बोलताय!"