तेल बसेपर्यंत

"कोरडी हाय," आप्पा म्हणाले. त्यांनी तेलाची काठी पुन्हा फडक्यानं पुसली, नळीत शेवटपर्यंत खाली बसवली, ओढून काढली आणि उन्हात तिरकी धरली. "बघ की. ठणठणीत कोरडी. डबा आण, विजू."

"अजून? पाजा, पाजा," नवनाथकाका त्यांच्या कट्ट्यावरून म्हणाले. "आवो रंगराव, तान्ह्या लेकराला येवढं दूध न्हाई पाजीत कुनी."

"तुम्ही तुमच्या म्हशीकडं बघा. माझ्या गाडीच्या नादी लागू नका."

"म्हशी कवाच गेल्या. गोठ्यात आता भाडेकरू ऱ्हातात. आमाला तुमची गाडीच ऱ्हायलीय बघायला."

गुरुवार होता. आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी रविवारी नाही, गुरुवारी असते. त्यामुळे रहाटणीतल्या आमच्या गल्लीत गाड्या धुणं, गाद्या उन्हात टाकणं आणि भांडणं मिटवणं ही सगळी कामं गुरुवारी होतात. आप्पांचं तेल बदलणंही गुरुवारीच. गल्लीच्या तोंडाशी गणपतीच्या मांडवासाठी मंडळानं सिमेंटचा एक चौक केला आहे. तो नवा झाला तेव्हा आप्पांनी त्याच्या मधोमध बादलीभर पाणी ओतून पाहिलं होतं. पाणी कुठल्याच एका बाजूला धावलं नाही, चारी अंगांनी सारखं पसरलं. "ही जागा माझ्या गाडीची," असं त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, आणि गणपतीचे दिवस सोडले तर मंडळानंही ते मान्य केलं. गाडी जराशी जरी कलती असली तरी काठी खोटं बोलते, हे मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकत आले आहे.

पुढचा क्रमही ठरलेला. गरम इंजिनातून जुनं तेल खाली सोडायचं, नवा फिल्टर लावायचा, नवं तेल भरायचं. मग इंजिन थोडं चालवायचं, कारण नवा फिल्टर रिकामा असतो आणि तो आपल्या वाट्याचं तेल पिऊन घेतो. मग इंजिन बंद. आता वर चढलेलं तेल भिंतींवरून ओघळत खाली यायला हवं, त्याआधी काठी ओढण्यात अर्थ नसतो. यासाठी आप्पा घड्याळ बघत नाहीत. तेल बसेपर्यंत चहा प्यायचा. तोही बशीत ओतून, फुंकर मारत, मध्ये दोन गोष्टी बोलत. कप रिकामा झाला की ते तो गाडीच्या पायरीवर पालथा घालतात आणि उठतात. ट्रे धरता यायला लागल्यापासून हा चहा मीच नेते.

आज कप पालथा पडला होता. तरी काठी कोरडी होती.

आप्पा केज तालुक्यातून इकडे आले ते पत्रे दाबून घडवणाऱ्या प्रेसशॉपमध्ये हेल्पर म्हणून. पुढे स्टिअरिंग हातात आलं आणि मग त्यांनी दुसरं काही केलं नाही. पहाटे रहाटणी, थेरगाव, डांगे चौक असं करत पहिल्या शिफ्टच्या बायका गोळा करायच्या आणि चाकणला सोडायच्या. या धंद्यात त्यांचं नाव आहे ते एकाच गोष्टीसाठी. त्यांच्या गाडीत बायकांना झोप लागते. डोक्यावर भरला हंडा असल्यासारखी ते गतिरोधकावरून गाडी उतरवतात. डांगे चौकात शेवटची बाई चढली की हात वर करून आतला दिवा मालवतात, आणि मोशी यायच्या आत माना कलंडलेल्या असतात. थेरगावची भाग्यश्री एकदा मला म्हणाली होती, "घरी दोन पोरं नि सासूबाई. माझी खरी झोप काकांच्या गाडीत होते बघ." हे मी आप्पांना सांगितलं तेव्हा त्यांनी ऐकलं न ऐकलंसं केलं. पण जेवताना आईला म्हणाले, "मंजुळा, आज भाकरी चांगली झाली," आणि भाकरी रोजच्यासारखीच होती.

"डबा आण म्हणलं ना," आप्पा म्हणाले.

"थांबा आप्पा. तेल अजून बसलं नसेल."

"चहा झाला की."

मी चाकणच्या एका कंपनीत मोजमापाची उपकरणं तपासते. एखादं माप विचित्र आलं की आम्ही आधी जागा पाहतो, मग पद्धत, मग उपकरण. सवयीनं मी तेच करू लागले. जागा तीच होती, पाणी चारी अंगांनी पसरणारी. चाकांत हवा सारखी होती. इंजिन चालवलं होतं, चहा पुरता पिऊन झाला होता. काठी वाकलेली नव्हती आणि शेवटपर्यंत बसत होती.

मग माझं लक्ष गाडीखालच्या घमेल्याकडे गेलं. सकाळी त्यात जुनं तेल सोडलं तेव्हा ते काठोकाठ भरलं होतं, थोडं तर सिमेंटवरही सांडलं होतं. मी वर वाळू टाकली होती आणि हसले होते.

ही सीएनजीची गाडी आप्पांनी गेल्या वर्षी घेतली. सुरुवातीचे तेलबदल शोरूममध्ये झाले, घरचा हा पहिलाच. पण काठी ते दर आठवड्याला बघत आणि दर वेळी थोडं तेल ओतत. "ही गाडी तेल खाती," असं ते सगळ्यांना सांगत. अलीकडे ती मागून निळसर धूरही सोडू लागली होती, त्यामुळे मलाही ते पटलं होतं. पण तेल खाणाऱ्या गाडीतून भरल्यापेक्षा जास्त तेल निघालं कसं?

"मी बघू?" मी विचारलं.

काठी आप्पा कुणाला देत नाहीत. त्या दिवशी दिली.

मी ती पुसली, बसवली, ओढली. तेल वरच्या खुणेला टेकलं होतं. नवं तेल, पातळ मधासारखं, त्यातून काठीचं लोखंड दिसत होतं. जिथे तेल संपत होतं तिथे एक बारीक चकाकती रेघ होती. ती रेघ सोडली तर ओल्या आणि कोरड्या काठीत फारसा फरक नव्हता.

"हे बघा," म्हणून मी काठी त्यांच्यासमोर धरली.

त्यांनी मान एका बाजूला केली, मग दुसऱ्या. डोळे बारीक केले. त्यांची नजर काठीच्या किंचित डावीकडे स्थिरावली होती.

"कोरडी हाय," ते म्हणाले. या वेळी आवाज खाली होता.

नवनाथकाका कट्ट्यावरून उतरून जवळ आले होते. त्यांनी माझ्या खांद्यावरून काठी पाहिली, आप्पांकडे पाहिलं. मग पायरीवरची कपबशी उचलली. "ह्ये आत देऊन येतो," म्हणाले. आमच्या घरात कप उचलायची त्यांची ती पहिलीच वेळ असावी.

आप्पांनी काठी माझ्याकडून घेतली आणि अंगठा तिच्यावरून खालून वर फिरवला. वरची खूण नखाला लागली तशी ते थांबले. अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळत राहिले.

"हाय व्हय," ते म्हणाले. "ओलं हाय. कुठवर?"

"वरच्या खुणेपर्यंत."

"तुला दिसायलंय?"

"हो."

"लख्ख?"

"लख्ख, आप्पा."

ते गाडीच्या पायरीवर बसले. "जुन्या गाडीचं कसं, डिझेलचं काळं तेल. मेणबत्तीच्या उजेडातबी दिसायचं. हिचं तेल पाण्यावानी. मला वाटलं, हिच्यातच खोट हाय." म्हणजे दर आठवड्याला ते भरल्या इंजिनातच तेल ओतत होते, आणि निळा धूर त्या जादा तेलाचा होता. मग म्हणाले, "पहाटं समोरून लाईट आला की सगळं पांढरं पांढरं होतंय. मला वाटलं, लोकायनी लाईटच मोठे लावलेत."

आई चहाचे दोन कप घेऊन बाहेर आली. दुसरा चहा आमच्याकडे कधी होत नाही. नवनाथकाकांनी आत काय सांगितलं होतं कोण जाणे. तिनं एक कप आप्पांच्या हातात नीट धरवला आणि तिथेच खाली बसली.

"तांदूळ निवडताना म्हणलं होतं मी," ती म्हणाली. "खडा दिसंना तुम्हाला. तर म्हणता, खडेच कमी झालेत."

"झालेतच की," आप्पा म्हणाले. आई हसली, मग पदरानं डोळे पुसले.

"उद्याच दुपारी डॉक्टरकडे जाऊ," मी म्हणाले. "मोतीबिंदू असेल. निघतो तो." आप्पांना साखरेचा त्रास आहे, त्यामुळे ते निव्वळ मोतीबिंदूवर भागेल की डोळ्याच्या पडद्याचंही काही निघेल, हे मला ठाऊक नव्हतं. ते मी बोलले नाही.

"दुपारचं दुपारी बघू. सकाळचं काय?"

मी म्हणणार होते की उद्याचा दिवस सावकाश चालवा, मी सोबत बसते. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या जरा डावीकडे.

"विजू, त्या झोपतात गं," ते म्हणाले.

चहा तसाच ठेवून त्यांनी मोबाइल काढला, डोळ्यांजवळ नेला, मग माझ्याकडे दिला. "नानासाहेबांना लाव." नानासाहेब म्हणजे गाड्यांचा कंत्राटदार. फोन लागला तसे आप्पा उभे राहिले. फोनवर ते नेहमी उभं राहून आणि मोठ्यानं बोलतात. "नमस्कार साहेब. गाडी एकदम ठणठणीत हाय. माणसाला काम निघालंय. डोळ्याचं. न्हाई, न्हाई, दुसरी गाडी पाठवू नका. गाडी माझीच येईल. चालवतील नवनाथराव."

नवनाथकाका आमच्या दारात उभे होते. "कोन? मी? आवो, पहाटं? मी आठाच्या आत डोळा उघडीत न्हाई!"

"ड्रायव्हरचा बॅज चालू हाय का न्हाई?" आप्पांनी फोनवर हात ठेवून विचारलं.

"हाय की. पान्याच्या टँकरवर होतो तवाचा हाय."

"मग? पाणी सांडू न देता चालवत होताव ना?"

"निम्मं सांडायचं," काका म्हणाले, पण हळू.

दुसऱ्या दिवशी अंधार होता तेव्हाच काका आंघोळ करून, कपाळाला गंध लावून चौकात हजर होते. कानटोपी, स्वेटर आणि चेहऱ्यावर परीक्षेची कळा. मी बोनेट उघडलं आणि मोबाइलच्या उजेडात काठी ओढली. आप्पा शेजारी फडकं घेऊन उभे होते.

"सांग."

"वरच्या खुणेला."

"लाव बोनेट," असं म्हणून त्यांनी माझ्या हातातली काठी पुसून परत दिली.

ते ड्रायव्हरच्या दाराकडे गेले, तिथून वळले आणि पुढून फिरून डावीकडच्या सीटवर बसले. मी मागे. थांबे आप्पाच सांगत होते. "हितं उभी करू नका, बायकांच्या पायाखाली गटार येतंय. थोडी पुढं घ्या. हां." बायका चढत होत्या आणि पुढे बघून दारातच थबकत होत्या. डांगे चौकात भाग्यश्री चढली.

"अय्या, काका, आज तिकडं?"

"डोळे दाखवायचेत. तोवर नवनाथराव हायेत. बस तू."

ती बसली. पण कुणी झोपलं नाही. पिशव्या मांडीवर घेऊन सगळ्या ताठ बसल्या होत्या. नवनाथकाकांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं. समोरून ट्रक आला की ते पुटपुटत.

"पुढं ब्रेकर हाय," आप्पा म्हणाले. मला तो दिसला नव्हता. काकांनाही नसावा. "आत्ताच पाय काढा. आता अलगद." गाडी जराशी डुचमळली आणि उतरली.

"जमलं की," काका स्वतःशी म्हणाले.

मग आप्पांनी न बघता हात वर नेला. बोटांना बटण सापडलं आणि आतला दिवा मालवला. मोशीच्या अलीकडे मी मागे वळून पाहिलं तेव्हा भाग्यश्रीचं डोकं काचेला टेकलं होतं आणि तोंड थोडं उघडं पडलं होतं. तिच्या मागच्या दोघीही एकमेकींवर कलल्या होत्या.

आप्पा जागे होते, समोर तोंड करून. पुढचा गतिरोधक आला आणि त्यांचा उजवा पाय, जिथे ब्रेक नव्हता तिथे, रिकाम्या पत्र्यावर अलगद दाबला गेला.