तिसऱ्याच्या ओट्यावर

मी दगडी टोप बोलतोय. गोडगोड बोलेन अशी आशा मात्र धरू नका. सध्या ज्या घरात माझा मुक्काम आहे, त्या घरच्या यजमानाचं तोंड दिसलं की माझ्या पोटात आग होते, आणि ती शेगडीची नसते.

माझा जन्म येमेनच्या उत्तरेकडच्या डोंगरातला. तिथला दगड मऊ असतो, पण एकदा तापला की लवकर निवत नाही. एका म्हाताऱ्या पाथरवटानं मला आतून-बाहेरून छिन्नीनं कोरलं, अंगाला तूप चोळलं आणि मंद विस्तवावर पक्कं केलं. इसहाकच्या आईनं मला बाजारातून डोक्यावर घरी नेलं. पुढे इसहाक पोट भरायला सौदीला निघाला, तेव्हा तिनं मला जुन्या घोंगडीत गुंडाळून त्याच्या हाती दिलं. "परक्या मुलुखात घरचं खा," एवढंच म्हणाली बिचारी.

रियाधच्या बत्हा भागात इसहाकनं खानावळ थाटली. भागीदार होता सालमीन. रस्सा रांधायचा इसहाकनं, रोटी भाजायची सालमीननं. माझ्यात मटणाचा रस्सा रटरटायचा, त्यावर इसहाक भिजवून फेसलेल्या मेथ्यांचा पांढरा फेस ओतायचा, आणि मी तसाच उकळत मेजावर जायचो. गिऱ्हाईक बोट भाजून घ्यायचं, शिव्या द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी परत यायचं. माझे ते दिवस सोन्याचे होते.

आता एक गोष्ट सांगायला हवी. त्या काळी येमेन एक नव्हतं, दोन होती. इसहाक उत्तरेचा, सालमीन दक्षिणेचा. दोन्हीकडचे राज्यकर्ते अधूनमधून एकमेकांवर तोफा डागायचे. एकाच्या पाठीशी हा बडा देश, दुसऱ्याच्या पाठीशी तो. तोफा बाहेरच्या, मढी मात्र घरची! अशाच एका लढाईत, एकोणऐंशी साली, इसहाकचा थोरला भाऊ सीमेजवळच्या स्वतःच्या शेतात मारला गेला. दक्षिणेकडून आलेला गोळा होता. म्हणून दोघांनी खानावळ उघडतानाच ठरवलं होतं, दुकानात उत्तर-दक्षिण हा विषय काढायचा नाही. आणि तो नियम त्यांनी वर्षानुवर्षं पाळला. आपल्या देशांना जे जमलं नाही ते या दोघांना बत्हाच्या एका गल्लीत जमलं होतं.

आमच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांत एक होता दीनानाथ. मूळचा साताऱ्याचा, अल मलाझमधल्या एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर. दर गुरुवारी दुपारी यायचा, कोपऱ्यातलं मेज धरायचा आणि जगाच्या राजकारणावर व्याख्यान द्यायचा. इसहाक-सालमीनला गिऱ्हाइकांकडून शिकलेलं मोडकंतोडकं हिंदी येई, त्यावर काम भागायचं. दीनानाथचं एक पालुपद होतं. "इसहाक भाई, मैं साफ बोलनेवाला आदमी है. पेट में एक, मुँह में एक, अपने को नहीं जमता." स्वतःला स्पष्टवक्ता म्हणवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. दुसऱ्याबद्दल बोलताना त्यांचा स्पष्टपणा जितका फुलतो, तितका स्वतःबद्दल बोलताना फुलत नाही.

नव्वदच्या मे महिन्यात दोन्ही येमेन एक झाली. त्या दिवशी सालमीननं गल्लीभर हलवा वाटला. दोघं भर दुकानात गळ्यात गळा घालून रडले. मला वाटलं, आता दृष्ट काढायला हवी. आणि दृष्ट लागलीच. ऑगस्टमध्ये इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं. साऱ्या जगानं इराकला बाहेर काढायचं ठरवलं, सौदीत अमेरिकेच्या फौजा उतरल्या, आणि येमेनच्या नव्या सरकारनं या मोहिमेला पाठिंबा दिला नाही. झालं! पंचायतीत हात वर केला नाही सरकारनं, आणि मुस्कटात बसली बत्हातल्या इसहाकच्या.

इतकी वर्षं येमेनी माणसाला इथे कफील लागत नसे. इतर परदेश्यांसारखं कुणा सौदी माणसाच्या नावाखाली त्याला राहावं लागत नसे, घरच्यासारखा तो दुकान टाकायचा. आता फर्मान निघालं: कफील शोधा, नाहीतर चालते व्हा. मुदतही दिली, बेताचीच. काल रस्सा चाटूनपुसून खाणारी माणसं आज दारावरून जाताना थुंकू लागली. एकानं तर माझ्या देखत भरला वाडगा उलटा केला आणि म्हणाला, "जा की तुमच्या सद्दामकडं!" सालमीननं मेज पुसलं.

पण नशिबानं दार अगदीच लावून घेतलं नव्हतं. सालमीनचा एक चुलतभाऊ फार पूर्वी इथला नागरिक झाला होता. तो दोघांचाही कफील व्हायला तयार झाला. शनिवारी दोघांनी मिळून परवान्याच्या कचेरीत जायचं, सह्या करायच्या, खलास. खानावळ राहणार होती, इसहाकची बायको बिलकिस आणि लेकरं इथेच राहणार होती.

त्या शनिवारच्या आधीच्या गुरुवारी दीनानाथ आला. इसहाक मटण आणायला बाजारात गेला होता. सालमीन जेवण वाढून त्याच्यासमोर बसला. संकट टळल्याच्या आनंदात माणसाची जीभ सैल सुटते, तशी त्याची सुटली.

"दीना भाई, एक बात है. इसहाक को कभी बताया नहीं. वो लड़ाई के टाइम मैं फौज में था. जबरदस्ती ले गए थे."

"बॉर्डर पे?" दीनानाथचा घास तोंडाशीच थांबला.

"नहीं नहीं! अदन में. छावनी का तंदूर था, रात-दिन रोटी भूनता था मैं. बंदूक तो हाथ में ली ही नहीं. लेकिन इसहाक फौज का नाम सुनेगा तो... इसलिए बोला नहीं कभी."

"बताना चाहिए," दीनानाथ म्हणाला. "बँकेत आम्ही... मतलब, हमारे बँक में कागज करने से पहले सब साफ पूछते हैं. पार्टनरशिप में छुपाना नहीं."

"वक्त आएगा तो बताऊँगा," सालमीन म्हणाला, आणि रोट्या शेकायला उठला.

वक्त यायची वाट पाहील तो दीनानाथ कसला! इसहाक मटणाची पिशवी घेऊन आत आला, तशी यानं त्याला कोपऱ्यात घेतलं.

"इसहाक भाई, शनिवार को साइन करने से पहले एक चीज जान लो. मैं साफ बोलनेवाला आदमी है. उन्नासी में सालमीन फौज में था. साउथ की फौज में."

एवढंच. रोटीचा 'र'सुद्धा नाही! मी तिथेच, हातभर अंतरावर, चुलीवर होतो. सगळं ऐकलं होतं मी. पण दगडाला वाचा कुठली! नुसता उकळत राहिलो.

इसहाकच्या हातातली पिशवी खाली पडली. तो तडक तंदुराकडे गेला आणि त्यानं आपल्या बोलीत विचारलं, "ज्या साली माझा भाऊ गेला, त्या साली तू फौजेत होतास?"

सालमीन पांढराफटक पडला. "होतो. पण इसहाक, मी—"

"माझ्या पंगतीला बसलास! माझ्या आईनं पाठवलेलं तूप खाल्लंस!"

"ऐकून तर घे, मी अदनला—"

"दहा वर्षं लपवलंस, आता काय ऐकू? काहीही सांगशील तू!"

सालमीननं दीनानाथकडे पाहिलं. आशेनं पाहिलं हो! कारण खरी गोष्ट त्या खोलीत आणखी एकाच माणसाला ठाऊक होती. एक वाक्य पुरे होतं. आणि हा साताऱ्याचा स्पष्टवक्ता रुमालानं हात पुसत काय म्हणाला? "आप लोगों का घर का मामला है. मैं बीच में क्या बोलूँ?" आग लावताना मामला घरचा नव्हता. विझवायची वेळ आली तेव्हा तो घरचा झाला.

शनिवारी इसहाक कचेरीत गेला नाही. "त्याच्या भावाच्या नावाखाली राहण्यापेक्षा तंबूत राहीन," म्हणाला. मग वाटण्या सुरू झाल्या. मेजं, पातेली, गॅसच्या टाक्या, सगळ्यांचे दोन भाग झाले. माझे कसे करणार? इसहाक म्हणाला, टोप माझ्या आईचा. सालमीन चिडून म्हणाला, इतकी वर्षं दुकानानं त्याला तूप पाजलं, टोप दुकानाचा. खरं तर दोघांनाही मी नको होतो, एकमेकांना हरवायचं होतं. दोन्ही बाजूंनी माझे कान धरून ओढाओढ चालली होती आणि मध्ये दीनानाथ उभा. "फोड डालोगे! ऐसा करो, झगड़ा मिटने तक मैं रखता हूँ," तो म्हणाला. दोघांनी एकदमच हात सोडले. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. मी मोटारीच्या डिकीत बसून अल मलाझला आलो.

त्या आठवड्यात इसहाक ट्रकवर गाद्या, ट्रंका आणि लेकरं लादून निघाला. रस्ताभर येमेनींचे असेच ट्रक होते म्हणे, मुंग्यांसारखे. आता तो येमेनच्या हुदैदा बंदराबाहेर तंबूत राहतो. समुद्राकाठचं तिथलं ऊन डोंगरातल्या माणसाला सोसत नाही.

इकडे विभावरीबाईंनी, म्हणजे दीनानाथच्या बायकोनं, मला हौसेनं ओट्यावर ठेवलं. त्या सरकारी इस्पितळात डॉक्टर. "अहो, कुणी दिला हा?" त्यांनी विचारलं. "त्या येमेनींनी. प्रेमानं," हा म्हणाला. मी तेव्हापासून त्याची आमटी तळाशी करपवू लागलो. बाईंचा काही दोष नव्हता, पण माझ्या हाती दुसरं होतं तरी काय?

जानेवारीत आकाशातून इराकची क्षेपणास्त्रं येऊ लागली. भोंगा झाला की दीनानाथ सगळ्यांच्या आधी आतल्या खोलीत, विषारी वायूच्या धास्तीनं खिडक्यांना चिकटपट्ट्या, दाराखाली ओले टॉवेल. पिण्याचं पाणी भरून मलाही तिथे नेत. बाहेर धडाम् झालं की हा थरथरायचा. मला दया आली नाही. खोटं कशाला बोलू?

आणि मग फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी दुपारी दारात सालमीन उभा. निम्मा झाला होता. विभावरीबाईंनी त्याला बसवलं, चहा दिला. त्यानं कपाला हात लावला नाही.

"दीना भाई, हुदैदा में इसहाक के भतीजे की दुकान में फोन है. जुमे की नमाज के बाद इसहाक वहाँ बैठता है. अभी बैठा होगा. मेरी आवाज सुनते ही रख देता है. तुम बोलो. बस इतना, कि मैं रोटी भूनता था. मेरा भाई उसका कागज अभी भी करेगा, बच्चे वापस आ जाएँगे."

दीनानाथचं तोंड उतरलं. "अरे, अभी? लड़ाई चल रही है. यहाँ से येमेन को फोन? लाइन पे कोई सुनता होगा. मेरा यहाँ रहने का इकामा, मेरी नौकरी..."

"कसली रोटी?" विभावरीबाईंनी विचारलं. सालमीननं त्यांना सगळं सांगितलं, पहिल्यापासून. बाई ऐकत होत्या आणि नवऱ्याकडे बघत होत्या.

"तुम्हाला हे ठाऊक होतं? आणि अर्धंच सांगितलंत?"

"अगं, त्यानं पुढचं विचारलंच नाही..."

"मग आता सांगा की! एरवी मारे स्पष्टवक्ते तुम्ही. लावा फोन!"

"विभा, तुला कळत नाही. आणि आता होऊन गेलं ते. उगाच जखमेवरची खपली कशाला काढायची?"

बाईंनी रिसीव्हर उचलला. "मी बोलते. नंबर सांगा, भाई."

सालमीननं मान हलवली. "आपका नहीं मानेगा, बहनजी. बोलेगा, सालमीन ने सिखाया. बात इसने लगाई, यही निकाले."

रिसीव्हर बाईंच्या हातात तसाच राहिला. दीनानाथ आपल्या पायांकडे बघत होता. मग सालमीन उठला. बाई धावत आत आल्या, मला उचलून बाहेर घेऊन गेल्या. "निदान हा तरी न्या. त्याला पाठवा."

"नहीं, बहनजी. बोलेगा, रिश्वत भेजी." त्यानं माझ्या काठावरून एकदा हात फिरवला. मग दीनानाथकडे वळून म्हणाला, "बर्तन के लिए नहीं आया था मैं. तेरी जबान के लिए आया था." आणि जिना उतरून गेला.

त्या दिवसापासून बाई माझ्यात काही शिजवत नाहीत. मी ओट्यावर कोरडा पडून असतो. या घरात दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलतात. लढाई संपत आली, असं रेडिओ सांगतो. संपेल. मोठ्यांची संपते.

मला कुणी विकत घ्या, घरी न्या, तुपानं पुसा, असली विनवणी मी करणार नाही. मला फक्त तुमच्याशी काम आहे. देवानं मला पोट दिलं, जीभ दिली नाही. तुम्हाला दिली आहे. तुमच्यापैकी कुणी कधी हुदैदाला गेलंच, तर बंदराबाहेरच्या तंबूंमध्ये इसहाकचं नाव विचारा. तो चिडेल, उठून जायला लागेल, त्याला हाताला धरून बसवा. आणि पूर्ण सांगा. सालमीन फौजेत होता, आणि तिथे तो रोट्या भाजत होता.