शोभेचा कोपरा

पीएच.डी. करणाऱ्या प्रणिताने लॅपटॉप आपल्या गाइडसमोर, नीलमसमोर सरकवला. पोरगी काय सांगणार, हे आलेख बघताच तिला कळलं होतं.

"मॅम, जाळी दुप्पट बारीक केली की चूक चौथा हिस्सा उरायला हवी ना, तुमच्या पेपरप्रमाणे? या एल आकाराच्या पत्र्यावर चाळीस टक्के उरते. मी तीनदा चेक केलं."

तापलेल्या पत्र्यावर चौकटींची जाळी कल्पून चौकटीगणिक तापमान काढायची नीलमची पद्धत होती. पत्र्याच्या आत वळलेल्या कोपऱ्याशी तापमानाचा उतार बेफाम होतो, साधी पद्धत तिथे अडखळते आणि त्या एका कोपऱ्यातली चूक साऱ्या पत्र्यावर पसरते. नीलमच्या पेपरात मात्र पद्धत याच पत्र्यावर झोकात चालली होती. पडताळणीसाठी उत्तर आधीच माहीत असलेला प्रश्न लागतो, आणि तिने मुद्दाम कोपऱ्यातही गुळगुळीत राहणारं उत्तर निवडलं होतं. कोपरा नुसता शोभेला होता.

अकरा वर्षांपूर्वी असाच आलेख घेऊन ती आपल्या गाइडकडे गेली होती. "पहले डिग्री ले लो, कोना बाद में देखेंगे," ते म्हणाले. दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरपर्यंत ती बसमध्ये रडत गेली, वडिलांना काही बोलली नाही, आणि सकाळी गुळगुळीत उत्तर घेऊन बसली. त्या पेपरवर दिल्लीतल्याच द्वारका भागातल्या या कॉलेजात नोकरी लागली. सोमवारी त्याच पेपरवर प्रोफेसरपदाची मुलाखत होती.

खरं बोलायचं तर पेपर मागे घ्यावा लागणार. दुसऱ्या कुणाची चूक नुसती चूक ठरली असती. 'कोट्यातली' हा शब्द अकरा वर्षं पाठीमागे ऐकत आलेल्या नीलमला ती सवलत कुणी देणार नव्हतं. तिला स्वतःची चीड आली, तसं म्हणणाऱ्यांची त्याहून जास्त.

"गुळगुळीत उत्तर घेऊन बघ," ती म्हणाली. "आधी थीसिस होऊ दे. कोपरा नंतर बघू."

मग ती थांबली. पोरीने भांडावं, निदान 'का' म्हणून विचारावं, म्हणजे सगळं सांगून टाकता येईल, असं तिला फार वाटत होतं.

"अच्छा, तेही करून ठेवलंय मॅम." प्रणिताने दुसरी फाइल उघडली. "बिल्कुल चौथा हिस्सा. तुमच्यासारखाच. हाच लावू ना?"

ही तर रडलीसुद्धा नाही, नीलमच्या मनात आलं.

"लाव," ती म्हणाली.