निरोगी मुलांचा तक्ता

आमच्या सरांना परवा मोठं पदक मिळालं. लहान मुलांच्या श्वासावर तीस वर्षं संशोधन केल्याबद्दल. सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं, मी बसून राहिले. गुडघे दुखतात असं शेजारणीला सांगितलं. माझे गुडघे ठणठणीत आहेत.

सरांच्या विभागात मी मुलांना नळीत फुंकायला लावते. बावीस वर्षं हेच. मूल खुर्चीत बसवायचं, नाकाला चिमटा लावायचा आणि "फुंक, फुंक, अजून फुंक" असं घसा बसेपर्यंत ओरडायचं. यंत्रावर आकडा येतो, तो सरांच्या तक्त्याशी ताडून बघायचा. त्या उंचीच्या निरोगी मुलाची फुंक किती असायला हवी, ते तक्त्यात दिलेलं असतं. आकडा जवळपास आला तर मूल ठीक, फार खाली गेला तर आजारी. सरांचं सगळं मोठेपण या एका तक्त्यावर उभं आहे.

तो तयार कसा झाला, ते ऐका. तक्त्यासाठी निरोगी मुलं हवी होती. गावाबाहेर टेकडीवर चांगल्या हवेतल्या दोन शाळा होत्या, पण जायला तास लागायचा आणि सरांना दुपारची झोप प्यारी. मग आमच्या रुग्णालयामागची, दगडाच्या खाणीला चिकटलेली शाळा निवडली. बाकांवर धूळ, पोरांच्या पापण्यांवर धूळ. चारशे मुलांना मी फुंकायला लावलं. सर एकदाच आले, तेही फोटोपुरते. उंटावरून शेळ्या हाकणं कशाला म्हणतात ते मी तिथे पाहिलं.

फॉर्मवर प्रश्न होता, मुलाला खोकला आहे का. अर्धा वर्ग खोकत होता. मी विचारलं, "सर, यांना वगळायचं ना?"

"मग उरणार कोण?" सर म्हणाले. "अहो, रोजचा खोकला हा काही खोकला नसतो. 'नाही'वर खूण करा."

मी केली. एकूण एक फॉर्मवर. नोकरी कच्ची होती म्हणून केली, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे मला घरी जायची घाई होती. तेव्हापासून त्या धुळीतल्या दुबळ्या छात्या निरोगी म्हणून गावोगावच्या दवाखान्यांत लागल्या आहेत. काय दिवे लावले आम्ही दोघांनी!

दोन महिन्यांपूर्वी धाकट्या बहिणीने लेकीला आणलं. आठ वर्षांची, भारी बडबडी. दोन जिने चढली की वाक्य अर्ध्यावर तुटतं, गळ्याखाली खळगा पडतो. मी फुंकायला लावलं. तक्त्याप्रमाणे पोरगी ठीक. आणि एकदा ठीक म्हटलं की औषध नाही, पुढची तपासणी नाही.

मी सरांकडे गेले. म्हटलं, "तक्ता चुकलाय हे तुम्हालाही ठाऊक आहे. निदान या पोरीला तरी औषध लिहून द्या."

सरांनी चष्मा पुसला. "पदकाच्या तोंडावर हे काय काढलंत? भाची आहे म्हणून तुम्हाला तसं वाटतंय. शास्त्रात नातीगोती आणू नयेत." नाकाने कांदे सोलावेत तर या माणसाने.

मी बहिणीसोबत तिला दुसऱ्या गावच्या दवाखान्यात नेलं. तिथला डॉक्टर तरुण होता. भिंतीवर तोच तक्ता. त्याने आकडा बघितला, मग छाती ऐकली, बराच वेळ ऐकली. मी त्याला शाळेचं सगळं सांगितलं. बहीण माझ्याकडे बघत राहिली.

"हे लिहून द्याल का?" त्याने विचारलं. "सहीनिशी. त्या आधारावर मला पुढची तपासणी मागता येईल, आणि तक्ताही पुन्हा तपासायला लावता येईल." त्याने कागद आणि पेन पुढे सरकवलं.

मला निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत. मी म्हटलं, "घरी नीट बसून लिहिते, उद्या पाठवते."

त्याला सहा आठवडे झाले. बहीण रोज फोन करते. "ताई, लिहिलंस का गं?" एवढंच विचारते, रागावत नाही. मग लेकीकडे फोन देते. ती "मावशी, आज शाळेत" इतकं म्हणते आणि दम खायला थांबते. पुढचं ऐकायच्या आत मी फोन ठेवून देते.